खडूची खोली

हॉलमधल्या शहाबादीवर
अंबादासनं खडूनं खोली आखली.
तेरा फूट बाय नऊ,
बुकिंगवाल्यानं फोनवर सांगितली तेवढी.
हा पलंग. हा दरवाजा, आत उघडतो.
हे बाथरूम, याचा उंबरा वीतभर उंच,
रात्री ठेच लागेल, लक्षात ठेव.
खिडकी?
खिडकीचे पैसे वेगळे.

टॉवेलच्या एजंटानं दिलेलं बक्षीस हे,
मुंबईहून बोट, तीन रात्री,
दोन मोठे, लहान मुलं फुकट.
फुकट मुलं झोपणार कुठे
ते कागदावर नव्हतं.

मार्कंड आणि इंदू, सव्वादोन वर्षांची, जुळी.
झोपेत काट्यांसारखी फिरतात,
बारावर निजवली की सहावर सापडतात.
मध्ये घेतली तर अंबादास खाली.
खाली घातली तर दरवाजा उघडत नाही.
छतातून एक बर्थ उतरतो म्हणे,
पण त्यावर सहा वर्षांखालचं मूल नको, असा नियम.
घडीचा पाळणा मिळतो. एकच.
दोघांत एक पाळणा
म्हणजे पैसे न मोजता घेतलेलं भांडण.

यादम्मा वहिनी म्हणाल्या, एकाला बाथरूममध्ये घाल, कोरडं करून.
धाकटा दीर म्हणाला, माझी चाकांची बॅग ने, झाकण उघडं ठेव.
सगळे हसले.
मीही हसले. मग सगळे उठल्यावर
बॅग मोजली.
मार्कंड बसतो. गुडघे दुमडून.

चादरीची झोळी बांधू म्हटलं,
साखर पेठेतली निम्मी पोरं जिच्यात वाढली.
अंबादास म्हणाला, कडी नाही,
भिंती लोखंडी, खिळा चालत नाही,
फक्त चुंबक चिकटतं.
चुंबकावर पडदा टांगता येईल,
पोर नाही.

शेवटी तालीम करायची ठरली.
एप्रिल होता. फरशी रात्री अकरालाही
दिवसभराचं ऊन थोडं थोडं परत करत होती.
मोराची चादर इकडे, चौकटीची तिकडे,
आम्ही दोघं पलंगाच्या रेघेत,
पाय रेघेबाहेर जाऊ न देता.
इंदू उठून बसली. मार्कंड उठून बसला.
पंडुको, पंडुको, म्हणत मी थोपटत राहिले,
हात भरून आला,
चार डोळे अंधारात टक्क.

साडेबारा. एक.
जागा कमी पडते म्हणून असेल, अंबादास म्हणाला.
मला काहीतरी दुसरंच वाटत होतं
आणि ते काय ते सापडत नव्हतं.

मग मामंजी उठले.
काही न बोलता जिना उतरले.
खालचे चारही माग त्या दिवशी बंद होते,
बीम संपले होते, सूत आलं नव्हतं.
त्यांनी एक माग चालू केला,
रिकामा.
खट् खटाक् खट् खटाक्,
फरशीतून पाठीत, पाठीतून दातांत.
इंदूनं अंगठा तोंडात घातला.
मार्कंड आडवा झाला, बॅगेशिवाय, पाळण्याशिवाय,
नेमका दरवाज्यात.

पोटात होती तेव्हापासून
ही दोघं त्या आवाजावर झोपली.
आम्ही मात्र फूट मोजत बसलो.

सकाळी मीच फोन केला.
इंजिनाच्या डोक्यावरची खोली आहे का?
मॅडम, तिथे फार आवाज येतो,
लोक बदलून मागतात.
येतो ना? रात्रभर येतो?
हो, पण मॅडम…
मध्येच थांबत नाही ना?
पलीकडे बराच वेळ कोणी बोललं नाही.
मग दोन हजार कमी सांगितले.

खडू अजून आहे फरशीवर.
मामंजी त्यावरून चपला घेऊन जातात, पलंगावरून सरळ.
मी पुसताना तेवढी जागा सोडते.
इंदू मात्र दरवाज्याच्या रेघेपाशी थांबते,
दोन्ही हातांनी हवा आत ढकलते,
आणि पुढे बाथरूमच्या उंबऱ्यापाशी,
जिथे काहीच नाही,
गुडघा पोटापर्यंत उचलते.