किरकोळ आणि अनपेक्षित

निघायच्या आदल्या रात्री बाबांनी
लग्नपत्रिकांची चार जुनी पाकिटं उलटी करून चिकटवली,
फळ्यावरच्या अक्षरात त्यांवर लिहिलं :
पेट्रोल. खोली. जेवण.
चौथं सगळ्यांत चपटं. त्यावर, अनपेक्षित.
मग चारही माझ्या हातात देत म्हणाले,
तू या ट्रिपची कॅशियर.

मी सातवीत होते.
रबरबँड दोनदा गुंडाळून पाकिटं दप्तरात ठेवली,
दप्तर मांडीवर,
आणि औशापासून मिरजेपर्यंत
बिडवेकाकांच्या मागून आणलेल्या ओम्नीत
खिडकीबाहेर फारसं पाहिलंच नाही.

कोल्हापूर सुरू झालं तेच पावतीनं.
अंबाबाईच्या दर्शनाला पैसे लागत नाहीत
हे बाबांनी आधीच सांगितलेलं.
पण गाडी लावायला लागतात,
चपला ठेवायला लागतात,
ओटीला, आणि ओटीत खण हवाच म्हणून खणाला,
आणि लाडू एकच घ्या म्हणेपर्यंत
धनूनं चावून ठेवलेल्या दुसऱ्या लाडवाला.

रंकाळ्यावर घोडा.
बसू दे की भावा, पोरगं हाय, घोडेवाला म्हणाला.
बाबांनी घासाघीस केली ती एका फेरीची;
फेरी कुठं संपते ते फक्त घोड्याला माहीत.
धनू उतरला तेव्हा तीन झालेल्या,
आणि भावा म्हणणारा हात पुढं.

पन्हाळ्याला तर वाटेतच पावती-पुस्तक घेऊन माणूस उभा.
माणशी इतके, गाडीचे इतके.
चढायचेसुद्धा? आई म्हणाली.
उतरायचं फुकट हाय, वहिनी.

त्या संध्याकाळी चौथं पाकीट मी उलटं करून झटकलं.
स्टेपलची एक पिन पडली.
बाबांनी ‘जेवण’मधली नोट काढून ‘अनपेक्षित’मध्ये सरकवली
आणि रात्री दोन ताटांत आम्ही चौघं जेवलो.
तांबडा रस्सा वाढपी न मागता वाढत होता.
आई त्याच्याकडे बघत नव्हती.

तिसऱ्या दिवशी राजवाड्याचं म्युझियम.
दराचा बोर्ड बाबांनी दोनदा वाचला.
मोठे, लहान.
मग सहज म्हणाले, माझं बघून झालंय, कॉलेजात असताना.
आई म्हणाली, माझे गुडघे.
आईचे गुडघे तोवर कधी दुखले नव्हते.
शेवटच्या दालनात पांढरा मोर आहे, बाबा म्हणाले,
पेंढा भरलेला. तो चुकवू नका.

आत तलवारी होत्या, वाघ होते.
धनूला प्रत्येक दालन शेवटचं वाटत होतं.
बाहेर आलो तर दोघं झाडाखाली,
खोलीवरून भरून आणलेलं पाणी पीत.
मोर नव्हता.
असणार.
नव्हता बाबा, मी परत जाऊन बघितलं.
बाबा किल्ली शोधायला लागले.
किल्ली हातातच होती.

निघायच्या पहाटे गंगावेशीत म्हशी उभ्या,
समोर काढून दिलेलं दूध, वर फेस.
पाकिटात पैसे तीन ग्लासांचे.
मी म्हणाले, मला नको. मला वास येतो दुधाचा.
बाबांनी माझ्याकडे पाहिलं,
बोर्ड वाचायचे तसं, दोनदा.
मग आपला ग्लास अर्धा ठेवून माझ्या हातात दिला :
संपव. पैसे पडलेत.

परतीच्या रस्त्यावर मी हिशेब मोठ्यानं वाचला.
अकरा रुपये कुठंच लागत नव्हते.
किरकोळ लिही, बाबा म्हणाले.
मागून धनू : पण मोर गेला कुठं?
पुढं उसाचा ट्रॅक्टर होता. बाबांनी तो आधी ओलांडला.
मे महिना आहे.
गेला असेल मामाच्या गावाला.
आई पदर तोंडाला लावून हसायला लागली
ती मिरज येईपर्यंत थांबेना.

मी किरकोळपुढं अकरा लिहिलं,
वहीत पेन्सिल ठेवली,
आणि दप्तर पायाशी सोडून दिलं.