प्रश्न क्रमांक एकोणतीस

तार्तूच्या अभिलेखागारात तळघरातली खोली.
दारावर पाटी: अन्न नको, पाणी नको, शाई नको.
मी इथे सहा वर्षं
लोक काय खात होते ते वाचते,
उपाशीपोटी, शिसपेन्सिलीनं.

आजचा गठ्ठा सारेमा बेटावरचा.
शहरातून कुणीतरी छापील प्रश्न पाठवलेले,
खेड्यातून उत्तरं आलेली.
मेता कास्क, वय एकाहत्तर, जांभळी पेन्सिल,
अक्षर असं, की प्रत्येक ओळ
वाऱ्याकडे पाठ करून चाललीय.

पिठात काय मिसळत होता?
"चांगल्या वर्षी काही नाही.
वाईट वर्षी कोंडा. त्याहून वाईट वर्षी
विचारू नका."

भाकरीबरोबर काय?
"तोंडी लावायला खारी मासळी.
डोकं बापाला, शेपूट धाकट्याला,
मधलं सगळ्यांनी बघायचं."
(इथे मी हसले. मग पुन्हा वाचलं.)

बिअरबद्दल मात्र उत्तर तिच्या भावाचं, एंडेलचं,
साडेतीन पानं:
जुनिपरच्या डहाळ्या कशा अंथरायच्या,
फेस कधी बोलतो, कधी गप्प होतो,
कुणाच्या लग्नात कोण कुठल्या खंदकात सापडला.
पिण्याचा इतिहास लिहिणं सोपं.
पिणारे सांगत सुटतात.

प्रश्न एकोणतीस: जेवताना कोण कुठे बसे?
"बाप खिडकीपाशी. मग मुलगे. मग गडी.
मी दाराकडे, झोत लागायचा.
आई उभी असायची.
ती कधी जेवली,
मी पाहिलं नाही."

एवढंच. पुढे प्रश्न तीस: चमचे लाकडी की पत्र्याचे.

माझ्याकडे तक्ता आहे.
घरातलं माणूस, दिवस, ग्रॅम.
बापाचं भरलं, गड्याचंही,
मेताचं अंदाजानं.
आईसमोर पेन्सिल थांबली ती थांबलीच.
आमचे विभागप्रमुख म्हणाले, सरासरी टाका,
सगळेच टाकतात.

संध्याकाळी संग्रहालयात गेले,
त्याच बेटावरची काथवट बघायला.
काळीभोर, नावेसारखी, आतून ओरखडलेली.
ओरखडे बारीक, एकमेकांना चिकटून,
काठापासून तळाकडे.
मला वाटलं, सापडलं.
सगळे उठल्यावर ती हे खरवडून खात असेल.
बोटं थरथरली, तसं टिपलंसुद्धा वहीत.

मग आठवलं उत्तर बारा, तिचंच, त्याच पेन्सिलीचं:
"काथवट धूत नसू. कडेचं आंबट पीठ खरवडून
तळाशी गोळा करून ठेवायचं, मीठ टाकून.
ती पुढच्या आठवड्याची भाकरी.
तिला कुणी हात लावत नसे.
आईही नाही."

वहीतली ओळ खोडली.
इतिहासात दया येते तेव्हा
पुरावा तपासून घ्यावा.

तक्त्यात तिचा रकाना मोकळा आहे.
शून्य लिहिलेलं नाही.
शून्य म्हणजे मोजलं आणि काही नव्हतं.
इथे मोजलंच नाही कुणी,
मुलीनं नाही, प्रश्न छापणाऱ्यानं नाही.
खाली टीप दिलीय, दोन ओळींची.
विभागप्रमुखांना ती लांब वाटते.

दुसऱ्या दिवशी दुपारी एक वाजता
मी नेहमीसारखी जिन्याखाली, रेडिएटरजवळ,
कागदातली काळी भाकरी, वर लोणी,
चार घासांत, उभ्यानं.
तुकडा पडला. उचलला. चुंबला.
कुणी शिकवलं ते आठवत नाही, हात शिकलेले असतात.

पहारेकरी व्हिल्लू किल्ल्या वाजवत आला.
म्हणाला, "भाकरीला बरकत येवो."
या वाक्याला उत्तर द्यायचं असतं.
तोंडात घास होता.
त्यानं खुर्ची सरकवली माझ्याकडे, म्हणाला,
"बसून खा की, बाई. कोण बघतंय?"