कोरडं

खसखशीचे मागचे दोन्ही पाय पांढरे.
पांढऱ्या केसांखाली कातडी गुलाबी असते,
तान्ह्या पोराच्या टाळूसारखी,
हे मला पहिली खपली निघाली तेव्हा कळलं.

ऑगस्टचा तिसरा आठवडा.
रेसकोर्समागचा तबेला,
पत्र्यावर पाणी, पत्र्याखाली पाणी,
हाजीअलीकडनं येणारा वारासुद्धा पिळून घ्यावा असा.
घोडी मागचा पाय टेकवेना.
हात लावला तर टापेच्या वरची खोबण गरम,
केसांचे झुबके चिकटलेले,
आणि त्यांच्या मुळाशी
पातेल्याला लागलेल्या भातासारखं काहीतरी.

रेबेलो डॉक्टरीणबाई चिखलात गुडघे टेकून बसल्या.
"पाय किती वेळा धुतोस?"
मी छाती काढून सांगितलं, दोनदा.
सकाळी रपेटीनंतर, संध्याकाळी दाण्याच्या आधी,
पाईप लावून, जोरात,
मुनाफमामूंनी शिकवलं तसं.
नऊ वर्षं मामूंच्या हाताखाली काढली,
त्यांच्या जनावराच्या पायावर कधी शिंतोडा दिसला नाही.
बाई काही बोलल्या नाहीत.
पाईपाकडे बघितलं फक्त.

मग कात्री, जपून.
कोमट पाण्यात गुलाबी औषध,
फेस दहा मिनिटं तसाच ठेवायचा, घड्याळ लावून.
खपली ओढायची नाही.
सुटेल तेवढीच घ्यायची,
उरली तर उद्या.
निघालेली कागदात गुंडाळून लांब टाकायची,
खालच्या भुशात नाही.
मग स्वच्छ पाणी, मग कोरडं कर, मग मलम.
कोरडं म्हणजे किती?
"कोरडं म्हणजे कोरडं.
गाल लावलास तर काही कळणार नाही, एवढं."

मुंबईत. ऑगस्टात.
माझी बनियन जूनपासून वाळलेली नाही.

धोबीघाटावर व्यंकन्नाची भट्टीची खोली आहे.
तिथे दोऱ्यांवर हॉटेलचे बाद टॉवेल,
कोपऱ्यातलं नाव अर्धं पुसलेलं.
"घोडीला?" तो म्हणाला.
"घोडीला."
त्यानं चार काढून दिले, गरम, पापडासारखे कडक.
पैसे नको म्हणाला.
"नातीला बसवशील एकदा?"
बरी झाली की.

बाईंनी जाताना माझ्या बुटांकडे बोट केलं.
काढ.
मी लाजलो. बोटांच्या बेचक्यांत चिखल्या,
पांढऱ्या पडलेल्या, भेगाळलेल्या.
लहानपणी आई मेंदी भरायची तिथे,
आठ दिवस पाय नवरीचे दिसायचे.
"दोघांचं दुखणं एकच," बाई म्हणाल्या,
"तू निदान बूट काढू शकतोस."

औषधाचं जमलं. पुढचं जमेना.
आता पाय धुवायचे नाहीत.
चिखल लागला तर लागू दे,
वाळू दे, मग ब्रशानं झाड,
आणि बाहेर काढण्याआधी खोबणीत मलमाचा हात फिरव.
म्हणजे रात्रभर ती चिखलाच्या पायांनी उभी,
आणि मी खाटेवर जागा,
मोरीत खरकटी भांडी ठेवून झोपल्यासारखा.
दोनदा उठलो. दोनदा पाईप हातात घेतला.
दोनदा परत खिळ्याला अडकवला.

रविवारी मालक आले.
"काय रे नलगे, पगार कशाचा घेतोस?"
वाळतंय साहेब, म्हणालो.
यापेक्षा जास्त सुचलं नाही.

मामूंचा फोन आला मिरजेहून.
आता हात थरथरतात त्यांचे, पाय सुजतात.
घोडी कशी आहे?
मजेत आहे मामू.
धुतोस ना रोज?
हो म्हणालो.

अकराव्या दिवशी तिनं पाय टेकवला,
मग दुसऱ्यावरचा भार काढला,
मग शेपटीनं माझ्या तोंडावर एक फटका दिला, नेहमीचा.
तबेल्यात कोणी नव्हतं.
मी भुशात आडवा झालो,
तिचा पाय दोन्ही हातांत धरला, गाल लावला.
खूर कानापाशी,
आत कुठंतरी तिचं रक्त चालत होतं.

गालाला काही कळलं नाही.