शेकड्याला अकरा कमी

कडक भाकरी दहादहाच्या चळतीत मोजायची.
नीट वाळली की ती वाजते,
गिऱ्हाईक आधी टिचकी मारतं, मग भाव विचारतं.
गड्ड्याची जत्रा तोंडावर, तीनशेची ऑर्डर,
आणि माझा हिशेब चुकायला लागला.
शेकड्याला अकरा कमी. परवा सात. मग चौदा.

मी कल्लव्वाकडे बघितलं.
ती पहाटे थापायला येते.
माझी नजर तिच्या पिशवीवर जाते हे तिला कळलं,
दुसऱ्या दिवसापासून ती पिशवी उघडीच ठेवायला लागली.
तिला एवढं कळत होतं.

घूस म्हणावी, तर कुठं कण सांडलेला नाही.
शेंगाचटणीची बरणी मात्र
तळापर्यंत बोटानं पुसलेली.

रेवणसिद्ध माझ्यासमोर जेवायचा दीड भाकरी.
"अक्का, बास."
चाटी गल्लीत दिवसभर टॉवेलांचे गठ्ठे उचलून आलेला भाऊ,
आणि दीड भाकरी.
मी शेजारी सांगायचे, आमच्या रेवणला खाण्याची आवडच नाही.
आत्याच्या लग्नघरी हुग्गी वाढायला आले
तेव्हा त्याचं पान रिकामं, हा पंगतीतून उठून गेलेला.
आधी सोमवार धरला, मग गुरुवार, मग शनिवारही.
त्याच्या शर्टाची बटणं पुढं सरकवून
मीच लावत होते की,
एकदा नाही, तीनदा.
सुईत दोरा ओवताना मी काय विचार करत होते कुणास ठाऊक.

त्याच्या गादीखाली कागद सापडले.
खारीचे, फरसाणाचे, बेकरीतल्या केकचे,
एकावर एक, कडेला कड जुळवून.
घडी घालायची सवय दुकानाची.
मी ते रद्दीत टाकले.

कडक भाकरी चोरून खाता येत नाही.
म्हणजे येते,
भिंतीपलीकडं सोळा माग चालू असतील तर.
आमच्या बोळात खटखटीला कुणी जागं होत नाही,
ती थांबली की सगळे जागे होतात.
त्या रात्री लाईट गेली.
माग गप्प झाले, आणि स्वयंपाकघरातून
कडाक्. कडाक्. मग घाईनं, अंधारात,
आवाज दाबायला तांब्यात बुडवल्याचं.

तो फरशीवर बसलेला, दाराकडं पाठ.
एक घास तोंडात असताना पुढची भाकरी हातात.
एक हात पोटावर दाबलेला, दुखत होतं ते दिसत होतं,
दुसरा हात चळतीकडं जातच होता,
जणू तो त्याचा नव्हताच.
भूक मला माहीत आहे.
अप्पांची मिल बंद पडली तेव्हा मी सात वर्षांची होते.
भूक खाल्ल्यावर खाली बसते.
हे बसत नव्हतं.

हावरट, हा शब्द माझ्या जिभेवर तयार होता.
आमच्याकडं तो लहानपणापासून तयारच असतो.
मी तो गिळला आणि त्याच्या बाजूला बसले.

"किती दिवस?"
"अप्पा गेल्यावर नाही, त्याच्याही आधीपासून.
पोट भरलेलं असतं, अक्का. चवसुद्धा लागत नाही.
थांबता येत नाही.
मग दुसऱ्या दिवशी काहीच खात नाही, की रात्री पुन्हा..."
तेवढ्यात लाईट आली.
पुढचं त्याचं बोलणं मागांनी खाल्लं,
मी नुसते त्याचे ओठ बघत राहिले.

सकाळी कल्लव्वाला म्हटलं, माझं चुकलं.
ती काही बोलली नाही.
पीठ मळता मळता उठली,
हात पुसून पिशवीची चेन लावली, आणि परत बसली.

सोमवारी नंबर लावलाय, मनाच्या डॉक्टरांकडं.
रेवण म्हणतो, "जाडी कमी कर, चालायला जा, एवढंच सांगतील."
म्हटलं, तसं म्हणाले तर दुसऱ्यांकडं जाऊ.

माझ्या वहीत 'कमी' असा एक रकाना आहे.
तो आता त्यालाच भरायला दिलाय.
काल त्याच्या अक्षरात होतं: पाच.
ते खोडून, खाली:
आठ.