कुत्र्याला कसले बूट

कोचरानेच्या दुकानात अमारोनं विचारलं होतं,
आत्या, त्रापोसाठी ते चार छोटे बूट घ्यायचे का?
मी हसले. दुकानदारही हसला.
कुत्र्याला कसले बूट, म्हटलं,
देवानं पायातच शिवून पाठवलेत.

तिसऱ्या दिवशी, खिंड उतरल्यावर,
जिथे कुणाची तरी मेंढरं चरायची कधीकाळी
आणि आता नुसतं कमरेएवढं गवत,
गवतात निजलेली गंजकी काटेरी तार,
तिथे त्रापो ओरडला नाही.
थांबला, पंजा अधांतरी धरला
आणि माझ्याकडे पाहिलं,
जणू मीच काहीतरी सांडलंय.

त्रापो म्हणजे आमच्या बोलीत चिंधी.
खोक्यात सापडला तेव्हा तसाच दिसायचा.
आता बत्तीस किलोंची चिंधी,
आणि तळवा उभा उसवलेला,
आत पांढरं काहीतरी, जे बघू नये.

मी हात घातला. तो चावला.
सहा वर्षं माझ्या पायथ्याशी झोपलेला,
चार दात रुतेपर्यंत चावला
आणि लगेच तेच रक्त चाटू लागला.
त्यात माझं किती, त्याचं किती, कोण मोजतंय.

अमारो सतरा वर्षांचा. दिवसाला दहा वाक्यं बोलतो,
त्यातली सहा भुकेची.
त्यानं गळ्यातला रुमाल सोडला,
त्रापोच्या जबड्याभोवती गुंडाळला, कानांमागे गाठ,
नाकपुड्या मोकळ्या.
कुठे शिकलास, मी विचारलं नाही.
प्यायचं पाणी ओतलं त्यानं, दोन्ही बाटल्या,
बोटांच्या बेचक्यांत मोज्याची लोकर भरली,
माझ्या सदऱ्याची बाही फाडून घट्ट दाबली.
म्हणाला, उचलून बघायचं नाही. मी मोजतो.

आणि सहाशेपर्यंत मोजलं, मोठ्यानं,
वाऱ्यानं पळवलेले आकडे पुन्हा म्हणत.
सहाशे शब्द.
त्यात बूट हा शब्द नव्हता.

फोन म्हणजे इथे फक्त घड्याळ.
तंबू, तांदूळ, बिडाचं भांडं
लेंगाच्या झाडाखाली ठेवलं,
आणि अमारोनं स्वतःच्या नव्या सॅकच्या बुडाला
चाकूनं दोन भोकं पाडली, मागच्या पायांसाठी.
सबंध हिवाळा लाकडं फोडून घेतली होती ती सॅक.

पाळीपाळीनं उचललं.
माझ्या पाळीला मानेवर त्याचा श्वास,
ओला, आंबूस, मध्येच थांबणारा.
थांबला की मीही थांबायचे.
नदी हिमनदीतून आलेली, दुधी, मांड्यांएवढी,
हाडांत शिरून ठणकणारी.
मधोमध त्यानं माझा कान चाटला.
तेवढ्यानं मी पडले असते.

अंधारात बाउदिलियोच्या झोपडीचा धूर आधी आला, झोपडी नंतर.
म्हाताऱ्यानं कंदील जवळ धरला.
टाका नको, म्हणाला, तळव्यात टाका टिकत नाही.
मांस तळातून भरत येऊ दे, विहीर भरते तसं.
मग कोकराच्या कातड्याची तंबाखूची पिशवी
डब्यात रिकामी केली,
पट्टीवरून चढवली, दोरी आवळली.
हा घे बूट, त्रापोला म्हणाला.

अमारो कडू येर्बाच्या भांड्यात बघत राहिला.
मी शेकोटीत.

पैसे नको होते त्याला.
पुढल्या वेळी रेडिओचे दोन सेल आणा, म्हणाला.

पुढल्या जानेवारीत आणले.
रेडिओ आधी खरखरला,
मग बटाट्यांचे भाव सांगू लागला,
आणि बाउदिलियोनं हातानं आम्हाला गप्प केलं.

त्रापोला चार बूट घेतले होते मी.
पहिल्याच ओढ्यात तीन वाहून गेले,
चौथा त्यानं खाल्ला.

तारेपाशी अमारोनं सॅकमधून पक्कड काढली.
मला बोलला नव्हता.
वाटेपुरतीच कापली आम्ही, दुपार गेली,
पुढे ती टेकडीपल्याड गेलीय, कुणाला ठाऊक कुठवर.
माझ्या हातावरचे चार व्रण उन्हात पांढरे दिसत होते.

त्रापो मात्र लांबचा वळसा घालून
केव्हाच पलीकडे जाऊन बसला होता,
झालं का तुमचं, अशा चेहऱ्यानं.