मुनवा

वीज दुपारी दोनला गेली
आणि वितळलेलं चॉकलेट पातेल्यात तसंच राहिलं,
रात्रपाळीहून आलेल्या माझ्या डोळ्यांसारखं,
धड मिटलेलं नाही, धड उघडं नाही.

जनरेटरवाल्याकडून आम्ही चार अँपिअर घेतो.
फ्रीज लावला की पंखा बंद,
पंखा लावला की फ्रीज.
"आजोबा, तासभर घाम काढा,"
रवाफिद म्हणते, "माझे खजूर थिजू देत."

हाजी सदखान, माझे सासरे,
अबुल खसीबच्या बागेत डोळे मिटून
नुसत्या झावळ्यांच्या आवाजावरून जात सांगायचे:
ही बरही, ही सायर, ही खदरावी,
आणि ही, जिला वाऱ्याचं सोंग कळतं, ती हलावी.
आता तीन दात, एक खुर्ची,
आणि नातीच्या ओट्यावर नजर.
"हलावीला कोट? एकोणपन्नास अंशांत?
जन्मभर मी खजुरावरची धूळ पुसली,
आणि ही पोरगी त्याला चिखलात बुडवते."

पोरगी ऐकून न ऐकल्यासारखी.
सुरी एकाच बाजूने, पोटापासून देठापर्यंत,
पाठ फाटू द्यायची नाही.
बी बाहेर. आत तिळाचं लोणी,
ज्याला आम्ही राशी म्हणतो,
त्यावर अक्रोडाचा अर्धा मेंदू,
वेलदोड्याची पूड बोटाच्या टोकाएवढी,
आणि मग मिटवायचं, हळू,
झोपलेल्या बाळाची मूठ मिटवावी तसं.
"साखरेचा दाणासुद्धा नाही, आई.
परीक्षेच्या रात्री बिस्किटांऐवजी हेच खाणार."

खजूर म्हणजे साखरच की, हे मी बोलत नाही.
वॉर्डातल्या सतरा बोटांना टोचून
रात्रभर साखर मोजून आलेय.
घरात नाही मोजणार.

काट्यावर एकेक खजूर, काळ्या डोहात एक बुडी,
वर काढून निथळवायचा, कागदावर ठेवायचा.
पहिले चार ओघळले. पाचव्याला पाय फुटले.
सहावा देखणा.
त्यावर तिने चिमटीतून मीठ सोडलं, जाड, चमकणारं,
आणि खुर्ची करकरली.
"मीठ?"

कुणी काही बोललं नाही.
लढाईत शेंडे उडालेली झाडं
त्यांनी पुन्हा उभी केली होती, एकेक मुनवा लावून.
मग समुद्र नदीतून उलटा चढला,
पाटात आला, मुळात आला,
आणि बाग उभ्या उभ्या खारली.
त्या घरात मिठाची बरणी आम्ही
अजूनही फडताळाच्या मागच्या बाजूला ठेवतो.

"चिमूटभरच, आजोबा," ती म्हणाली,
"गोडाला जाग यावी म्हणून."
आणि सहावा त्यांच्या तळहातावर ठेवला.

तीन दातांना वेळ लागतो.
आधी कवच तडकलं, मग ते नुसतेच चोखत बसले.
कपाळावरचा घाम भुवईत अडकला, तो पुसला नाही.
निकाल काही दिला नाही.
फक्त ताटलीतल्या बिया जवळ ओढल्या
आणि एकेक धुऊ लागले.

"लावू या ना," रवाफिद म्हणाली.
"बीचा भरवसा नाही," ते म्हणाले.
"मुनवा लाव, आईच पुन्हा उभी राहते,
तोच गर, तीच साल, तोच हट्ट.
बीतून कोण येईल सांगता येत नाही.
निम्मे तर नर."
माझ्याकडे पाहून म्हणाले की तिच्याकडे, कळलं नाही.

संध्याकाळी वीज आली.
पंखा आणि फ्रीज एकदमच चालू झाले,
जणू काही भांडण नव्हतंच.
तीस केले होते, सव्वीस निघाले,
भौतिकशास्त्राच्या पुस्तकावर
एक तपकिरी अंगठा उठला होता.

मी पुन्हा पाळीला निघाले तेव्हा
दारातल्या तुपाच्या रिकाम्या डब्यात
माती होती, ओली, गोड्या पाण्याची,
आमच्या पिण्याच्या कॅनमधली.
मातीत बोटाने पाडलेली सात भोकं,
सगळी बुजवलेली,
एक सोडून.