रानमोडी

जांबोटीच्या उतारावर म्हशी थांबतात.
पुढं गवत होतं काल, बमू म्हणतो.
काल म्हणजे
बाप कुडाला टेकून बसायचा तेव्हा.

गार्ड कन्नडात विचारतो, हे काय माजलंय?
बमू मराठीत: रानमोडी.
नावातच सांगितलं होतं सगळं,
रान मोडेपर्यंत कुणी ऐकलं नाही.

दोघं मिळून दिवसभर तोडतात.
बुंध्यातून परत फुटते,
तोंडातून शिवी फुटावी तशी.
हाताचा वास भाकरीला लागतो.

विहिरीमागची पट्टी तेवढी राहिलीय,
वीतभर पवना,
दुभत्या म्हशीपुरता.

तिन्हीसांजेला धाकटी भागू उंबऱ्यात,
ओंजळीत रानातून वेचलेल्या
पांढऱ्या म्हाताऱ्या,
गाल फुगवलेले.
वारा विहिरीकडं.

बमूच्या तोंडात घास.